गणित शिकवायचं आहे, मग इतिहास आणि चित्रकलेचे तास कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणिताची पदवी घेऊन तुम्ही अध्यापक महाविद्यालयात आलात. पाठ टाचणं, सराव पाठ आणि आंतरवासिता यांतच जीव मेटाकुटीला येतो, आणि वर वेळापत्रकात इतिहास, साहित्य, चित्रकला, तत्त्वज्ञान यांचे तास आहेत. शाळेत शिकवायचं आहे गणित, मग हे विषय कशाला? त्या वेळात शिकवण्याची तंत्रंच जास्त का शिकवत नाहीत? आणि ऐच्छिक विषय घ्यावाच लागत असेल, तर गुण मिळतील असा सोपा घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नको. जो तुम्हाला अवघड जातो तो घ्या. बाकीचं उत्तर जरा लांब आहे, कारण तुमच्या तक्रारीत निम्मं तथ्य आहे.

छात्राध्यापकांचे पाठ बघत मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसते. पाठ कुठे अडतो हे तिथून फार स्वच्छ दिसतं. फळ्यावरचं अक्षर, आवाजाची पट्टी, कोणाला कधी प्रश्न विचारायचा, हे सगळं सरावाने पहिल्या काही महिन्यांत सुधारतं. अडचण येते ती टाचणात नसलेला प्रश्न मुलांनी विचारला की. आणि मुलं असे प्रश्न विचारतातच.

अपूर्णांकांचा भागाकार घ्या. पावणेदोन भागिले अर्धा. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, गुणायचं, उत्तर साडेतीन. हे तुम्हाला झोपेतही येईल. पण यावर एक शाब्दिक उदाहरण रचा म्हटलं, की निम्म्या वह्यांत हे सापडतं: पावणेदोन मीटर फीत दोघांत सारखी वाटली तर प्रत्येकाला किती? हे अर्ध्याने भागणं झालंच नाही, दोनाने भागणं झालं. अर्ध्याने भागायचं तर विचारायला हवं की पावणेदोन मीटर फितीतून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील. आता फळ्यावर फीत काढून तीन तुकडे कापा. दीड मीटर संपली, पाव मीटर उरली. इथे हमखास एखादी मुलगी हात वर करते आणि म्हणते, "तीन तुकडे झाले आणि पाव उरला, मग सव्वातीन का नाही?"

ती चुकते आहे, पण नेमक्या जागी चुकते आहे. उरलेला भाग तिने मीटरमध्ये मोजला आणि उत्तर तर तुकड्यांमध्ये विचारलंय. अर्ध्या मीटरच्या तुकड्याच्या हिशेबाने ती पाव मीटर म्हणजे अर्धा तुकडा, म्हणून साडेतीन. एकक बदललं की तीच लांबी वेगळी संख्या होते, ही अपूर्णांकांतली सगळ्यात मोलाची गोष्ट तिने अजाणता वर्गासमोर आणून ठेवली. ज्या शिक्षकाला हे दिसतं तो तिथे दहा मिनिटं थांबतो. ज्याला दिसत नाही तो म्हणतो, "उलटा करून गुण, बघ, साडेतीनच येतं," आणि पुढचं गणित घालतो.

लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच गणित अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना घातलं होतं. चीनमधल्या सगळ्यांनी ते बरोबर सोडवलं. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी जणांना पूर्ण उत्तर आलं, आणि अर्थाला धरून शाब्दिक उदाहरण रचता आलं ते एकालाच. पदव्या मोजल्या तर अमेरिकेतले शिक्षक पुढे होते. चीनमधल्या बहुतेकांचं शिक्षण नववीपर्यंतची शाळा आणि त्यापुढे दोन-तीन वर्षांचं अध्यापक विद्यालय एवढंच होतं. पण नोकरीत आल्यावर ते पाठ्यपुस्तक बारकाईने वाचत, एका उदाहरणाच्या अनेक रीती शोधत आणि त्यावर सहकाऱ्यांशी चर्चा करत. शालेय गणितच त्यांनी खणून काढलं होतं.

यावर तुम्ही म्हणाल, झालं की मग माझंच खरं. गणितच खोलात शिकवा आणि बाकीचं सोडा. इथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण विषयाचं ज्ञान वाढलं की शिकवणं आपोआप सुधारतं, हे गृहीत तपासणीत टिकत नाही. एडवर्ड बेगल यांनी १९७९ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शिक्षकाने महाविद्यालयात गणिताचे किती पेपर केले याचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी फारसा संबंध दिसला नाही. डेव्हिड मंक यांना १९९४ मध्ये संबंध दिसला, पण साधारण पाच पेपरांनंतर त्याचा फायदा ओसरत गेला; उलट गणित कसं शिकवायचं यावरचे पेपर जास्त उपयोगी ठरले. म्हणजे पद्धतीचे तास वाढवा ही तुमची मागणी अगदीच हवेतली नाही.

त्याहून अडचणीची गोष्ट नेथन आणि पेट्रोसिनो यांनी २००३ मध्ये दाखवली. बीजगणित नव्याने शिकणाऱ्या मुलांना कोणती उदाहरणं सोपी जातील, असं त्यांनी भावी शिक्षकांना विचारलं. ज्यांचं गणित जास्त पक्कं होतं त्यांचा कौल जास्त करून समीकरणांकडे गेला. शाब्दिक उदाहरणं अवघड जातील असं ते म्हणाले. मुलांचं प्रत्यक्षात उलटं असतं. सुरुवातीला ती शाब्दिक उदाहरण अंदाज बांधत, उलटं मोजत सोडवतात, आणि क्ष दिसला की थबकतात. विषय अंगात मुरला की आपण तो कसकसा शिकलो, कुठे ठेचकाळलो, हे पुसलं जातं. तुम्ही गणितात हुशार आहात, म्हणून हा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे.

यावर माझ्या पाहण्यात एकच खात्रीचा उपाय आहे: शिक्षकाने मोठेपणी पुन्हा एकदा नवशिक्या व्हायचं, तेही गुणपत्रिकेवर परिणाम होईल अशा ठिकाणी. गणितवाल्या छात्राध्यापिकेला कवितेच्या तासाला बसवलं की ती आठवड्याभरात चिडते. "एकच बरोबर उत्तर नाही म्हणता, मग माझं चूक कसं?" हा तिचा प्रश्न असतो. आणि तिच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची गणिताबद्दलची तक्रार याच जातीची असते: नियम कुठून येतात हे कोणी सांगत नाही, फक्त चुकलं एवढं कळतं. ही चिडचिड कोणत्याही पद्धतीच्या पेपरमध्ये शिकवता येत नाही. ती भोगावी लागते. (भाषावाल्यांनी खूश होऊ नये. त्यांना मी संख्याशास्त्राच्या तासाला पाठवते.)

चित्रकलेवर तुमचा विशेष राग दिसतो, म्हणून एक उदाहरण तिथलंच देते. विज्ञानाचा किंवा भूगोलाचा पाठ, विषय ऋतू. उन्हाळा का येतो असं विचारलं, की मुलं म्हणतात, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. अनेक छात्राध्यापकांच्याही मनात खोलवर हेच असतं, अक्ष २३.५ अंशांनी कललेला आहे हे वाक्य पाठ असतं, पण त्याच्या खाली जवळ-लांबची समजूत शाबूत असते. ती तिथे टिकते का? एक मोठं कारण पुस्तकातली आकृती आहे. सूर्य मधोमध, भोवती चांगली लांबट, अंड्यासारखी कक्षा, तिच्यावर चार पृथ्व्या. त्या आकृतीत दोन पृथ्व्या सूर्याजवळ आणि दोन लांब दिसतात, मग मूल दुसरं काय समजेल?

आता खरी कक्षा कागदावर प्रमाणात काढू. लांबी १० सेंटिमीटर धरली, तर रुंदी लांबीपेक्षा मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाने कमी येते. पेन्सिलीची रेघ याहून कितीतरी जाड असते. म्हणजे डोळ्याला ते वर्तुळच. सूर्य मध्यापासून जेमतेम ०.८ मिलिमीटर सरकलेला. मग पुस्तकातली कक्षा लांबट का? कारण चित्रकाराने ती तिरकी, वरून-बाजूने पाहिल्यासारखी काढली आहे, आणि वर्तुळ तिरकं पाहिलं की लांबट दिसतं. तोंडाकडून तिरका धरलेला पेला चित्रात काढायला बसलेल्या कोणालाही हे पहिल्या तासाला समजतं. न बसलेल्याला समजेलच असं नाही, मग त्याची पदवी भौतिकशास्त्राची का असेना.

याच पाठाला पुढे आकड्यांची जोड देता येते. पृथ्वी सूर्याला सर्वात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. आणि जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. मुलांना एवढं सांगून गप्प बसावं. त्यांची समजूत त्यांच्याच डोळ्यांसमोर अडचणीत येते, आणि मग कललेल्या अक्षाला ऐकणारा वर्ग मिळतो. या एका पाठात चित्रकला आहे, भूमिती आहे, भूगोल आहे. प्रत्येक विषयाचा वाटा तासाभराचाही नाही, पण तो वेळेवर आठवायला लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. मुलं खरा प्रश्न एकच विचारतात: कशावरून? गणितात या प्रश्नाचं उत्तर सिद्धतेने देतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश येते हे शंभर त्रिकोण मोजून सिद्ध होत नाही. विज्ञानात मोजमाप हाच आधार असतो, आणि उद्या वेगळं मोजमाप आलं तर विधान बदलावं लागतं. इतिहासात प्रयोग पुन्हा करता येत नाही. तिथे कागद, नाणी, शिलालेख यांची उलटतपासणी करतात, कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी, त्याचा फायदा कशात होता. साहित्यात दोन वाचनं एकाच वेळी ग्राह्य असू शकतात, पण दोन्हींना संहितेतल्या ओळींचा आधार द्यावा लागतो, म्हणून "ज्याला जे वाटेल ते" असंही नसतं. शिकागो विद्यापीठातले जोसेफ श्वाब यांनी १९६० च्या दशकात हे नीट मांडलं. प्रत्येक ज्ञानशाखेत माहिती असते तशी ती माहिती ग्राह्य धरण्याची एक रीतही असते, आणि शिक्षकाला दोन्ही ठाऊक हवं, असा त्यांचा आग्रह होता.

ज्याने एकच विषय केला आहे त्याला आपल्या विषयाची रीत ही रीत वाटतच नाही. ते सरळ सत्य वाटतं. पाठनिरीक्षणात हे पदोपदी दिसतं. विज्ञानवाला इतिहासाच्या बदली तासाला जातो आणि सनावळी सूत्रांसारखी फळ्यावर लिहितो. "सर, तेव्हा बघायला कोण होतं?" असं कोणी विचारलं की तो प्रश्न त्याला आगाऊपणा वाटतो, खरंतर इतिहासाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. भाषेची छात्राध्यापिका विज्ञानाचा प्रयोग गोष्टीसारखा छान सांगते आणि निरीक्षण वेगळं आलेल्या गटाला "पुस्तकात काय दिलंय ते बघा" म्हणते. गणितवाले तर, राग मानू नका, मुलांच्या मतभेदाला उत्तरसूचीने मिटवायला बघतात.

वाचनाबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण शाब्दिक उदाहरणं मुलांना समजत नाहीत ही तुमचीच पुढच्या वर्षीची तक्रार असणार. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ चांगला माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मजकूर समजणं हे बरंचसं त्या विषयाच्या आधीच्या माहितीवर उभं असतं. त्यामुळे पाण्याची टाकी, व्याज, नफा-तोटा यांवरचं उदाहरण चुकलं की आधी हे बघावं लागतं की गणित अडलं, वाक्य अडलं, की व्याज हा व्यवहारच मुलाला माहीत नाही. भाषा आणि अर्थशास्त्र यांचा थोडा तरी संस्कार असलेल्या शिक्षकाला हे तिन्ही फाटे दिसतात. बाकीचे तीच रीत पुन्हा, जरा मोठ्या आवाजात सांगतात.

आता तुमच्या तक्रारीतल्या तथ्याकडे येते. विषय की पद्धत हा वाद जुना आहे आणि लंबक दोन्ही टोकांना जाऊन आलेला आहे. १८७५ साली कॅलिफोर्नियात प्राथमिक शिक्षकांची जी परीक्षा घेत, तिच्यात अंकगणित, व्याकरण, भूगोल, शरीरशास्त्र, राज्यघटना, संगीत, चित्रकला असं सगळं होतं, आणि १००० गुणांपैकी शिकवण्याच्या सिद्धांताला व व्यवहाराला होते ५०. ली शुलमन यांनी १९८६ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात ही प्रश्नपत्रिका पुढे ठेवून दाखवलं की शंभर वर्षांत पारडं पूर्ण उलटलं: त्यांच्या वेळच्या अमेरिकेतल्या शिक्षकांच्या चाचण्यांत नियोजन, मूल्यमापन, वर्गव्यवस्थापन होतं आणि आशय जवळजवळ गायब. त्यांनी जो मधला भाग दाखवला, म्हणजे हाच आशय याच मुलांपर्यंत कसा न्यायचा याचं ज्ञान, त्याच्याशी आपल्याकडच्या आशययुक्त अध्यापन पद्धतीच्या पेपरचं जवळचं नातं आहे. तो पेपर हलक्यात घेऊ नका.

आणि नुसते विषय, नुसते विद्वान आणून काय होतं याचा नमुना पॅरिसमध्ये आहे. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९४ च्या अखेरीस शिक्षक घडवण्यासाठी एकोल नॉर्माल काढायचं ठरवलं. पुढच्या जानेवारीत देशभरातून सुमारे १४०० जण जमले. शिकवायला गणिताला लाग्रांज आणि लाप्लास, भूमितीला मोंज, रसायनशास्त्राला बेर्तोले, इतिहासाला व्होल्ने. अशी अध्यापकांची यादी पुन्हा कुठल्या प्रशिक्षण संस्थेला मिळाली असेल असं वाटत नाही. मे महिन्यात ती शाळा बंद झाली. बऱ्याच जणांच्या डोक्यावरून व्याख्यानं गेली, आणि हे गावी जाऊन शिकवायचं कसं, या प्रश्नाला फारसा कोणी हात घातला नाही.

आजच्या अध्यापक महाविद्यालयांतली गत यापेक्षा साधी आणि जास्त कंटाळवाणी आहे. विषयांची संख्या वाढते, तास तेवढेच राहतात, आणि प्रत्येक विषय संकल्पना-व्याख्या-महत्त्व-मर्यादा या साच्यात कोंबला जातो. तत्त्वज्ञानाच्या तासाला पाच विचारवंतांच्या जन्मसनांसह टिपा, इतिहासाच्या तासाला "इतिहासाचे महत्त्व" या विषयावर दोन पानं. यातून विषयाची रीत कळत नाही, कळते फक्त विषयसूची. असे तास तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटत असतील तर मी वाद घालणार नाही. माझ्या हातात असतं तर मी आठ विषयांचे चार केले असते, आणि त्या चारांत विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी करून दाखवायला लावलं असतं: एक साधनपत्र तपासून निष्कर्ष, एक मोजमाप आणि त्यातली त्रुटी, एका कवितेची दोन वाचनं, एक सिद्धता.

फिनलंडचं उदाहरण सगळे देतात म्हणून मला द्यायचा कंटाळा येतो, पण इथे ते लागू आहे. तिथे प्राथमिकच्या वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिच्या ३०० श्रेयांकांपैकी ६० शाळेत शिकवल्या जाणाऱ्या निरनिराळ्या विषयांना दिलेले असतात. शिवाय गौण विषय वेगळे. या सगळ्यात सराव पाठांना फाटा दिलेला नाही. विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत. माध्यमिकच्या विषयशिक्षकाची रचना वेगळी, तिथे मुख्य विषयाला जास्त जागा. तुम्ही माध्यमिकला जाणार असाल तर हा फरक लक्षात घेऊन इतर विषयांना कमी वेळ देणं रास्त आहे. प्राथमिकला जाणार असाल तर मात्र सवलत नाही. तिथे सकाळी अपूर्णांक, दुपारी नकाशा आणि मधल्या तासाला कविता हे सगळं तुम्हालाच निस्तरायचं आहे.

आता निवड. गणितवाल्यांना मी सहसा इतिहास सुचवते. कारण "कशावरून" या प्रश्नाला गणितात जे उत्तर चालतं, त्यापासून सगळ्यात लांबचं उत्तर तिथे चालतं, आणि अपुऱ्या पुराव्यावर जबाबदारीने बोलायची सवय गणितात लागत नाही. दुसरी पसंती चित्रकला, पण हातात पेन्सिल देणारी; कलेचा इतिहास सांगणारी नव्हे. मानसशास्त्र तुम्हाला सक्तीच्या पेपरांत भरपूर भेटणार आहे, ते ऐच्छिक म्हणून पुन्हा घेण्यात मला अर्थ दिसत नाही. घ्याल त्या विषयात आपण कुठे अडलो आणि कोणाच्या कोणत्या वाक्याने सुटलो, याची नोंद मात्र त्या त्या दिवशी करा. नंतर आठवत नाही, हेच तर वर सांगितलं.

नाव नोंदवण्याआधी त्या विषयाची मागच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका मिळवा. ती "टिपा लिहा" आणि "महत्त्व स्पष्ट करा" यांनी भरलेली असेल तर तो विषय सोडा, प्राध्यापक कितीही छान बोलत असले तरी. एखादं न पाहिलेलं पत्र, नकाशा किंवा उतारा देऊन यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही असं विचारलं असेल, तर गुण कमी पडतील हे धरून चाला आणि तिथे नाव घाला.